‘वीस वर्षांचं कर्ज दहा वर्षांत’ : या हिशोबातून घरखर्च गळालाय

गृहकर्ज असलेल्या प्रत्येकाच्या फोनवर हा मेसेज कधी ना कधी येऊन गेलेला असतो. थोडक्यात तो असा: बँक सुरुवातीची वर्षं तुमच्याकडून नुसतं व्याज उकळते. ५० लाखांच्या कर्जावर ५४ लाख व्याज घेते. म्हणून दरवर्षी एक हप्ता जादा भरा, हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवा, वायफळ खर्च बंद करा, एफडी मोडून कर्जात भरा, आणि वीस वर्षांचं कर्ज दहा वर्षांत संपवा.

खाली आकडेमोड असते, त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो. मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली आहेत. कर्ज मुदतीआधी फेडण्याला माझा विरोध अजिबात नाही. जमेल त्याने जरूर फेडावं. पण या मेसेजमध्ये जो क्रम लावलाय तो उलटा आहे, आणि त्यापायी चांगली चाललेली घरं अडचणीत येतात. म्हणून त्यातला एकेक दावा घेते.

‘बँक आधी फक्त व्याज घेते’

व्याज उरलेल्या मुदलावर लागतं, एवढाच नियम आहे. ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या महिन्यात पूर्ण ५० लाख बाकी असतात, त्यावर महिन्याचं व्याज ३५,४१७ रुपये. मुदलात जातात ७,९७४. मुद्दल जसं उतरतं तसं व्याज उतरतं, आणि बाराव्या वर्षाच्या अखेरीस हप्त्यात मुदलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो. यात कुठे फसवणूक नाही. फसवलं जातंय या रागातून माणूस घाईने पैसे भरतो, म्हणून हे आधी सांगितलं.

‘५४ लाख व्याज म्हणजे आणखी एक घर’

बेरीज बरोबर आहे, पण ती वीस वर्षांच्या रुपयांची आहे, आणि आजचा रुपया वीस वर्षांनी तेवढ्याच मोलाचा राहत नाही. महागाई ५ टक्के धरली तर शेवटचा ४३,३९१ चा हप्ता आजच्या साधारण साडेसोळा हजारांइतका असेल. जादा भरलेल्या रुपयावर तुम्ही वर्षाला साडेआठ टक्के वाचवता. ही कमाई चांगली आहे. पण ती साडेआठ टक्केच आहे, त्याहून जास्त काही नाही.

‘एक जादा हप्ता आणि दरवर्षी १० टक्के वाढ’

या दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघा. नुसता एक जादा हप्ता दरवर्षी भरला तर वीस वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं. दहा वर्षांची किमया होते ती १० टक्के वाढीमुळे, आणि तिथेच मेसेज एक आकडा सांगत नाही: दहाव्या वर्षी तुमचा हप्ता १,०२,३१३ रुपये असेल.

आता हे घरात बसवून पाहू. नमुना म्हणून दोघं कमावती, एक मूल, हातात येणारा पगार दोघांचा मिळून ९५,०००. हप्ता गेला की ५१,६०९ उरतात. किराणा, भाजी, दूध, गॅस १६,०००. शाळा, स्कूलबस, क्लास सरासरी ९,०००. जाण्यायेण्याचे ६,०००. आईवडिलांना ५,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ४,०००. वीज, मोबाइल, इंटरनेट ४,०००. झाले ४४,०००. शिल्लक महिन्याला ७,६०९, म्हणजे वर्षाला ९१,३०८ रुपये. यातून विम्याचे हप्ते, दिवाळी, गणपतीला गावी जाणं, लग्नाकार्यातले आहेर, कुणाचं दुखणंखुपणं, सगळं भागायचं आहे.

मेसेजचं ऐकलं तर दुसऱ्या वर्षी हप्त्यातली वाढ महिना ४,३३९, वर्षाचे ५२,०६८. वर जादा हप्ता ४७,७३०. एकूण ९९,७९८. अख्ख्या वर्षाच्या शिलकीपेक्षा जास्त!

‘पगारही वाढतो की’ असं उत्तर येतं. पगार ५ टक्के वाढला तर ४,७५० रुपये वाढले. त्यातले ४,३३९ वाढीव हप्त्याने नेले. उरले ४११. त्याच वर्षी ४४,००० च्या घरखर्चाला ५ टक्के महागाई लागली तर २,२०० रुपये जास्त लागतात. ते आणायचे कुठून? ज्याचा पगार दरवर्षी १०-१२ टक्क्यांनी वाढतो, ज्याच्यावर गावाकडची जबाबदारी नाही, त्याने ही वाढ खुशाल लावावी. पण तो सल्ला सगळ्यांना एकसारखा वाटणं हे मला पटत नाही.

‘एफडीत सात टक्के, कर्जाला साडेआठ, मग एफडी मोडा’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबते. टक्क्यांची तुलना बरोबर असली तरी एफडी व्याजासाठी कमी आणि अडीनडीसाठी जास्त असते.

पुष्कळ लोक असं धरून चालतात की पाच लाख आधीच भरलेत, म्हणजे पुढेमागे दोनचार हप्ते चुकले तर बँक समजून घेईल. तसं होत नाही. जादा भरलेली रक्कम मुदलातून वजा होते आणि विषय तिथेच संपतो. पुढच्या महिन्याचा हप्ता ठरलेल्या तारखेला द्यावाच लागतो. नोकरी गेली आणि ९० दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे ज्याने बँक तारण घर ताब्यात घेऊन वसुली करू शकते त्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तुम्ही आधी किती जादा भरलंत हे त्यात कुणी पाहत नाही. तेच पाच लाख एफडीत असते तर अकरा हप्ते निघाले असते. अकरा महिन्यांत माणूस दुसरी नोकरी शोधू शकतो.

दुसरं, अडचणीत पैसा लागलाच तर तो कुठून येणार? दिवाळीच्या बोनसमधून जादा हप्ता भरून जूनमध्ये शाळेच्या फीसाठी पर्सनल लोन मागायला आलेली माणसं मी टेबलासमोर पाहिली आहेत. कर्ज लवकर फेडायच्या नादात महागडं कर्ज काढायची वेळ आलेली असायची. त्याचा हिशोब असा: ४३,३९१ चा एक जादा हप्ता भरलात, तर पहिल्या वर्षी व्याज वाचतं ३,६८८ रुपये. तेवढीच रक्कम क्रेडिट कार्डावर थकली, आणि कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असलं, तर महिन्याला दीड हजार जातात. वर्षभराची बचत अडीच महिन्यांत संपली.

म्हणून क्रम असा हवा. आधी कार्डाची बाकी, पर्सनल लोन, सोनेतारण यांपैकी जे गृहकर्जाहून महाग आहे ते फेडा. मग हप्ता आणि घरखर्च मिळून निदान सहा महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. आरोग्य विमा आणि कमावत्या माणसाचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा) उतरवा; घरातला कमावता गेला तर आधी भरलेल्या जादा हप्त्यांनी पुढचा हप्ता भरला जात नाही. यातून जे उरेल ते जरूर कर्जात भरा, आणि तेव्हा लवकर भरा. पहिल्या वर्षाअखेर भरलेले २ लाख मुदत जवळजवळ २१ महिन्यांनी कमी करतात. पंधराव्या वर्षाअखेर भरलेले तेवढेच २ लाख सातच महिने कमी करतात. मेसेजमधली लवकर भरण्याची गोष्ट खरी आहे, ती मी नाकारत नाही. अडचण ही की घर घेतल्यानंतरची पहिली वर्षंच सगळ्यात ओढाताणीची असतात. डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क, फर्निचर यांत सगळी पुंजी गेलेली असते आणि बहुतेकदा मूल लहान असतं.

‘वायफळ खर्च बंद करा’

वायफळ कशाला म्हणायचं हे घरात कोण ठरवतं? बहुतेक घरांत कर्जाचा हिशोब एक जण मांडतो आणि काटकसर दुसरीच व्यक्ती करते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जी बाई रोजच्या चौकोनात दुधाच्या पिशव्या लिहिते, शिवणीचे, इस्त्रीचे, गॅसचे आकडे टिपते, तिच्याकडे घराचा खरा ताळेबंद असतो. मला वाटतं, जादा हप्त्याचा निर्णय त्या कॅलेंडरशेजारी बसून व्हायला हवा.

तिथे बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते: खर्च दर महिन्याला सारखा नसतो. जूनमध्ये फी, वह्यापुस्तकं, गणवेश, रेनकोट एकदम येतात. भाद्रपदात गावी जाणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, वर्षअखेर विमा आणि मालमत्ता कर. मेसेज सांगतो तसा महिना धरून हिशोब केला तर जानेवारीत शिल्लक दिसते. ती जूनची असते, जानेवारीची नव्हे. बारा महिन्यांचे हे ठरलेले खर्च आधी एका कागदावर मांडा, त्यांची बेरीज बाराने भागा, आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या आरडीत टाका.

आणि आईची औषधं, मुलाची सहल, वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून कोकणात जाणं हे वायफळ नाही. सहावीतल्या मुलाची सहल सोळाव्या वर्षी भरून देता येत नाही.

‘हप्ता कमी करून घेऊ नका, मुदतच कमी करा’

हा सल्ला सरसकट खरा नाही. एकरकमी भरणा केल्यावर हप्ता कमी करून घेतला आणि वाचलेले पैसे महिन्याच्या महिन्याला कर्जातच भरत राहिलात, तर व्याज जवळपास तेवढंच वाचतं. व्याज मुदलात किती पैसे पडले यावर ठरतं. फरक एवढाच की वाईट महिन्यात तुम्हाला लहान हप्ता भरून सुटता येतं. पगार अनियमित असलेल्यांनी, एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरांनी हा पर्याय जरूर विचारावा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून बँकांना लागू आहे, त्यामुळे थोडे थोडे भरण्यातही नुकसान नाही.

करसवलत बुडेल म्हणून जादा भरू नका, असंही काही जण सांगतात. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, तेव्हा त्या पद्धतीत असाल तर ती चिंता सोडा.

मेसेजने न सांगितलेली गोष्ट

व्याजदर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र त्यांच्या नकळत लांबली. २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून बदलत्या दराने घेतलेलं कर्ज बाह्य निर्देशांकाशी, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराशी, बहुतेकदा रेपोशी, जोडलेलं असतं, त्यात ही घट येते. त्याआधीच्या एमसीएलआरच्या, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेल्या दराच्या, कर्जात ती उशिरा आणि अर्धवट येते. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बाह्य निर्देशांकाचा हा नियम लागू नाही, तिथे तर विचारल्याशिवाय काहीच कळत नाही.

आपल्या उदाहरणातला दर साडेआठवरून साडेसात झाला आणि हप्ता ४३,३९१ च ठेवला, तर वीस वर्षांचं कर्ज सतरा वर्षांत फिटतं. दरवर्षी जादा हप्ता भरून जेवढं साधतं, जवळपास तेवढंच हे झालं, आणि त्यासाठी घरातला एक रुपया जास्त लागला नाही. तेव्हा जादा भरण्याचा चेक लिहिण्याआधी शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा: माझा आजचा दर किती आणि नव्या ग्राहकाला तुम्ही काय दर देता, दर बदलून घ्यायचं शुल्क किती, आणि माझी उरलेली मुदत आज नेमकी किती महिने आहे. दर कमी झाला की परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या आणि त्यात हप्ता कमी झालाय की मुदत, हे तिथेच तपासा.