मुगाबेंच्या हुकमाने महागाई थांबली नाही, माल थांबला

महागाईचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. झिम्बाब्वेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी २००७ मध्ये एका हुकमाने सगळ्या वस्तूंचे भाव निम्मे केले, नफेखोरांना तुरुंगात टाकलं, गरिबाला दिलासा दिला; पण व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि पाश्चात्यांचे निर्बंध यांनी तो प्रयोग हाणून पाडला, असं त्यात असतं. शेवटी, आपल्यालाही असाच खमक्या माणूस हवा. यातला हुकूम खरा आहे, अटकाही खऱ्या आहेत. बाकी जवळजवळ सगळं उलटं सांगितलं आहे, आणि ज्या लोकांनी ते दिवस काढले त्यांच्यावर तो अन्याय आहे.

‘भाव निम्मे झाले.’ जून २००७ च्या अखेरीस आदेश निघाला: भाव १८ जूनच्या पातळीवर, म्हणजे साधारण निम्म्यावर आणा. तेव्हा सरकारी आकड्यांनुसार वार्षिक महागाई ७,००० टक्क्यांच्या वर होती. दुकानांवर पोलीस आले, लेबलं बदलली, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि काही दिवसांत फळ्या रिकाम्या झाल्या. पुन्हा माल आलाच नाही, कारण शंभराला घेतलेली साखर पन्नासला विकून हाती आलेल्या पैशात दुकानदार अर्धं पोतंही भरू शकत नव्हता. भाव निम्मे राहिले ते जुना साठा संपेपर्यंत. वर्षभरानंतर, जुलै २००८ चा सरकारी आकडा होता सुमारे २३ कोटी १० लाख टक्के. महागाई रोखल्याचा दावा करणाऱ्याने एवढा एक आकडा तरी बघायला हवा होता.

‘दोष साठेबाज व्यापाऱ्यांचा.’ हजारो दुकानदार, व्यवस्थापक, कारखानदार पकडले गेले. साठेबाजी होत नव्हती असं मी म्हणत नाही. हातातली नोट संध्याकाळपर्यंत निम्मी होणार असेल तर नोटेपेक्षा तेलाचा डबा धरून ठेवणं कुणालाही शहाणपणाचं वाटेल. शिक्षकाने केलं, शेतकऱ्याने केलं, व्यापाऱ्यानेही केलं. पण नोट निम्मी कोण करत होतं? गिडियन गोनो गव्हर्नर असलेली तिथली रिझर्व्ह बँक, म्हणजे झिम्बाब्वेची मध्यवर्ती बँक. सरकारच्या तुटीसाठी, तोट्यातल्या सरकारी कंपन्यांसाठी, स्वस्त कर्जांसाठी ती बेसुमार नोटा छापत होती. प्रकल्पांना पैसा मिळाला नाही तर छापू, असं खुद्द मुगाबे त्याच जुलैमध्ये जाहीरपणे म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मांसाचं उदाहरण बघा. दर न पाळल्याच्या कारणावरून खासगी कत्तलखान्यांचे परवाने काढून घेतले आणि सगळं काम सरकारी कोल्ड स्टोरेज कंपनीकडे दिलं. आता तिथे कुणी नफेखोर नव्हता. तरीही त्या दरात शेतकऱ्यांनी गुरं दिली नाहीत, आणि ज्या देशाचं गोमांस एके काळी युरोपात जायचं तिथेच ते मिळेनासं झालं. व्यापारीच मूळ असता तर त्याला बाजूला केल्यावर माल यायला हवा होता.

‘गरिबाला दिलासा मिळाला.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. बांधलेल्या भावाचा माल ज्याच्या हाती आधी लागतो, फायदा त्याचाच होतो. रांगेत पुढे कोण होतं? गणवेशातले आणि पक्षातले लोक, आणि त्यांच्याकडून माल घेऊन मागच्या दाराने विकणारे. मोलमजुरी करणाऱ्या बाईला ब्रेड मिळाला तर तो काळ्या बाजारात, जुन्या भावापेक्षाही महाग.

याहून मोठी लूट डॉलरच्या भावात झाली. परकीय चलनाचा दर हासुद्धा सरकारने बांधलेला भावच. सप्टेंबर २००७ पर्यंत एका अमेरिकी डॉलरचा अधिकृत दर होता २५० झिम्बाब्वे डॉलर. काळ्या बाजारात तो लाखाच्या पुढे गेला होता. ज्याची रिझर्व्ह बँकेत ओळख, त्याला डॉलर २५० ला मिळायचा आणि तो बाहेर चारशे पटीने विकता यायचा. एकाच वेळी अमक्याला फुकट पैसा आणि तमक्याला रिकामी फळी देणारं हे धोरण गरिबाच्या नावावर खपवलं जातं. ऑगस्टच्या अखेरीस तर मुगाबेंनी पगारही गोठवले. ज्यांना जमलं ते बाइटब्रिजची सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत मुसिनाला जाऊन साखर, तेल, मक्याचं पीठ आणू लागले.

‘निर्बंधांनी घात केला.’ तारखा लावून पाहू. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या माजी मुक्तियोद्ध्यांना तिजोरीत नसलेला पैसा वाटला १९९७ मध्ये. काँगोच्या युद्धात सैन्य पाठवलं १९९८ मध्ये. गोऱ्या शेतकऱ्यांची शेतं बळकावण्याची लाट २००० मध्ये. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हप्ते थकले फेब्रुवारी २००१ मध्ये. अमेरिकेचा निर्बंधांचा कायदा आला त्यानंतर, डिसेंबर २००१ मध्ये. युरोपचे निर्बंध २००२ मध्ये. त्या कायद्याने नवी कर्जं मिळणं अवघड झालं, हे खरं. पण २००९ च्या सुरुवातीला महागाई थांबली तेव्हा निर्बंध होतेच. थांबली होती ती छपाई: सरकारने परकीय चलनात व्यवहार करायला मुभा दिली, भावांवरचे निर्बंध उठवले, आणि काही आठवड्यांत दुकानं भरू लागली. त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत अमेरिकी डॉलरमधले भाव चक्क उतरले.

‘कडक हातच लागतो.’ १९८५ मध्ये इस्रायलनेही भाव गोठवले होते. आदल्या वर्षी तिथली महागाई चारशे टक्क्यांच्या आसपास होती. १९८६ मध्ये ती वीसवर आली. फरक असा की त्यांनी भावांबरोबर सरकारची तूट कापली, अनुदानं कापली, कामगार संघटनेशी बोलून वेतनाचा समझोता केला आणि मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसा छापून देऊ नये असा कायदा केला. हे सगळं निवडून आलेल्या आघाडी सरकारने केलं. मुगाबेंकडे कडक हात भरपूर होता, पण तो एकदाही छापखान्याकडे वळला नाही, कारण मार्च २००८ च्या निवडणुकीचा खर्च तिथूनच निघायचा होता.

‘मग आपलं रेशन काय?’ असंही विचारलं जातं. रेशनवरचा गहू सरकार आधी शेतकऱ्याला हमीभाव देऊन विकत घेतं आणि फरक तिजोरीतून भरतं. दुकानदाराच्या मानेवर बंदूक ठेवून त्याला तोट्यात विकायला लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि त्या मजकुरात कधीच नसणारी एक नोंद. २०१५ मध्ये झिम्बाब्वे सरकारने जुनं चलन कायमचं बाद केलं. बँकेतल्या खात्यावर १७५ वर १५ शून्यं एवढ्या रकमेपर्यंत शिल्लक असलेल्या प्रत्येकाला त्याबदली सरसकट ५ अमेरिकी डॉलर मिळाले.