अठ्ठावीस दिवसांत नवी त्वचा?

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. म्हणे त्वचा दर २८ दिवसांनी संपूर्ण नवी होते, पण चाळिशीनंतर मृत पेशींचा कचरा साचून हे काम बंद पडतं. मग उपाय काय, तर रोज स्क्रब करा, कोलॅजेन (त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन) लावा आणि प्या, पाणी भरपूर घ्या, घरात बसून सनस्क्रीन थापू नका. २८ दिवसांनी आरशात बघा, सुरकुत्या गायब! तिसऱ्यांदा तो ताईनेच पाठवला, तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

२८ हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. त्वचेच्या अगदी वरच्या थरात तळाशी पेशी जन्मतात, वर सरकत जातात, मरतात आणि गळून पडतात. तरुणपणी या फेरीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. १९८३ साली ग्रोव्ह आणि क्लिगमन या अमेरिकी संशोधकांनी अतिनील दिव्याखाली चमकणारा एक रंग लोकांच्या त्वचेत मुरवला आणि ती चमक पुसली जायला किती दिवस लागतात ते मोजलं. सर्वांत बाहेरचा मृत थर बदलायला तरुणांना सुमारे २० दिवस लागले, वयस्करांना त्याहून दहाएक दिवस जास्त. म्हणजे काम मंदावतं, बंद पडत नाही. बंद पडलं असतं तर पन्नाशीत कापलेलं बोट भरून आलंच नसतं.

खरी गफलत पुढे आहे. सुरकुत्या या थरात नसतातच. त्यांचं मूळ खालच्या थरात, कोलॅजेनच्या जाळ्यात असतं, आणि तिथला कारभार फार संथ. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला अंदाजे १५ वर्षं लागतात. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजेन कमी होऊ शकतं. पन्नाशीच्या आसपास चेहरा एकदम उतरल्यासारखा वाटतो तो यामुळे. स्क्रब करायचा राहिला म्हणून नव्हे.

आणि तो ‘कचरा’! त्या मृत पेशी म्हणजे भिंतीच्या विटा, मधली चरबी म्हणजे चुना. आतलं पाणी धरून ठेवते ती हीच भिंत. वयाबरोबर ही चरबी कमी तयार होते आणि भिंतीला पडलेली भेग बुजायलाही वेळ लागतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः पंधरा दिवस रोज दाणेदार स्क्रब घासला. सोळाव्या दिवशी साध्या पाण्यानेसुद्धा गाल चरचरले, नाकाच्या कडेला खपल्या धरल्या. शेवटी निभावून नेलं ते ओलसर चेहऱ्यावर लावलेल्या साध्या, बिनवासाच्या मॉइश्चरायझरने.

कोलॅजेनच्या क्रीमचा निकाल लवकर लागतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू धड त्वचेतून आत जात नाही, आणि कोलॅजेनचा रेणू आहे तीन लाखांच्या घरातला. तो वरच बसतो, ओलावा धरतो, बस्स. प्यायच्या कोलॅजेन पावडरचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. पोटात तिचे तुकडे होतात आणि काही चाचण्यांत थोडा फायदा दिसलाही. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत तो फायदा उरला नाही. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

पाणी तहान लागेल तसं प्यावं. त्याने सुरकुती भरत नाही.

राग येतो तो सनस्क्रीनच्या सल्ल्याचा. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं (हो, पुन्हा २८!) डावीकडच्या खिडकीशेजारी बसून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, खोल घड्यांची झाली होती, आणि उजवी तिच्यापेक्षा कितीतरी तरुण. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच अडवते, यूव्हीए बरंचसं आत सोडते. म्हणून घरातही खिडकीपाशी बसत असाल तर ‘घरातच तर आहे’ याला अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्के कमी भरलं. सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात हे खरं, पण डाग आधी दिसू लागतात. पुरावा अंगावरच आहे: तळहाताची मागची बाजू आणि दंडाची आतली बाजू शेजारी धरून बघा. दोन्हींचं वय एकच.

राहिली २८ दिवसांची मुदत. वरच्या थराची उलाढाल वाढवून खाली कोलॅजेनलाही चालना देणारं, सर्वांत जास्त तपासलेलं, त्वचेवर लावायचं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. १९८६ साली उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ते दाखवून दिलं त्याच क्लिगमनने. ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावं, गरोदर राहण्याची शक्यता असेल तर अजिबात नको. सुरुवात आठवड्यातून दोन-तीन रात्री, वाटाण्याएवढं. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि पहिले काही आठवडे त्वचा लाल होते, सोलते. अठ्ठाविसाव्या दिवशी आरशात बघितलं तर ती आधीपेक्षा वाईटच दिसेल, आणि ताई ट्यूब कचऱ्यात टाकेल.