तुरळक ठिकाणी, म्हणजे आमच्याच गच्चीवर

मे महिन्यात कुरडया घालायचा मुहूर्त पंचांगात मिळत नाही, तो हवामान खात्याच्या अंदाजात शोधावा लागतो. आणि माझ्या मते चीक हाटणं परवडलं, अंदाज वाचणं नको.

आधी राजस्थानची धुळीची वादळं, मग बंगालची कालबैसाखी, म्हणजे तिकडचा वळीव, असं करत करत आपली ओळ येते: ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारा ताशी ४० ते ५० किलोमीटर.’ मध्य महाराष्ट्र म्हणजे आपली सोसायटी, असं प्रत्येकाला वाटतं. खात्याच्या लेखी तो नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा पट्टा आहे, देशाच्या ३६ उपविभागांपैकी एक. ‘तुरळक’ म्हणजे त्यातल्या फार तर पाव पाऊस-मोजणी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या. तेव्हा अकलूजला झोडपलं आणि आपल्या कुरडया कडकडीत वाळल्या, तरी अंदाज बरोबर. उलट झालं तरीही बरोबरच! यात खात्याची लबाडी नाही, वळवाचा ढगच तसा लहरी. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिला समुद्राकडचं बाष्प भेटतं आणि तासाभरात काळाकुट्ट डोंगर उभा राहतो. कोथरूडला धो धो, हडपसरला नुसती धूळ. तो नेमक्या कुठल्या गच्चीवर कोसळेल, हे आदल्या दिवशी कोण सांगणार?

‘मध्यम’ पावसाला तर मुळीच भुलू नये. २४ तासांत १५.६ पासून ६४.४ मिलिमीटरपर्यंत सगळं मध्यमच. तेवढं एका तासात आलं तर पार्किंगमधल्या स्कूटरला ते मध्यम वाटत नाही. शिवाय मोजणी सकाळी साडेआठला संपते, म्हणून काल संध्याकाळी भिजलेल्या कुरडयांचा पाऊस आजच्या तारखेला लागतो.

तापमानाचंही तेच. खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत बसलेला असतो. गच्चीच्या स्लॅबवर अनवाणी उभा राहत नाही. किनाऱ्यावर पारा ३७ वर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त गेला की उष्णतेची लाट ठरू शकते. मे अखेरच्या नागपुरात ४२ ला नुसतं ‘बुधवार’ म्हणतात.

आता कामाचं. आदल्या रात्रीचा अंदाज फक्त घालायच्या की नाही, एवढं ठरवायला. घातल्यावर दुपारी बारापासून तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडार बघत राहायचं. वळीव बहुधा तीननंतरच उगवतो. प्लास्टिकच्या कागदाला चार कोपऱ्यांत चार विटा ठेवून ५० च्या वाऱ्यापुढे काही चालत नाही. बाजेवर जुनी साडी पसरून त्यावर घालाव्यात, म्हणजे दोघांनी बाज उचलली की काम झालं. पहिल्या दिवशी भिजलेली कुरडई आंबते, वाळली तरी तळताना फुलत नाही. मात्र गडगडाट ऐकू आला की कुरडया गेल्या खड्ड्यात, आधी खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर फिरकायचं नाही.

यलो अलर्ट असेल तर घाला, पण जिन्यातल्या सायकली हलवून ठेवा. ऑरेंज असेल तर चीक शिजवूच नका. भिजलेले गहू पाणी बदलून आणखी एक दिवस थांबतात, शिजलेला चीक कुणाच्या बापासाठी थांबत नाही.