‘पोटावर पिशवी म्हणजे आयुष्य संपले’ या संदेशाचा प्रतिवाद

गुदाशयाच्या कर्करोगासाठी मामांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असताना नातेवाइकांच्या गटातून मामींकडे एक संदेश आला, आणि तो वाचून मामांनी शस्त्रक्रियेलाच नकार दिला. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: मल गोळा करणारी पिशवी पोटावर कायमची बसली की माणूस जगण्यातून उठतो, गुदद्वार वाचवले तर सारे पूर्ववत होते, तात्पुरती म्हणून बसवलेली पिशवी कधीच निघत नाही, म्हणून पिशवी सुचवणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ नये.

यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत पोहोचली असेल, तर तिच्याभोवतीचा निरोगी भाग पुरेसा काढण्यासाठी ते स्नायूही काढावे लागतात आणि कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर लावलेली पिशवी, कायमची राहते. तेथे गुदद्वार वाचवण्याचा हट्ट धरणे म्हणजे कर्करोग मागे ठेवण्याचा धोका पत्करणे. आधी केमोथेरपी-रेडिएशन देऊन काही जणांची गाठ आक्रसते आणि स्नायू वाचवता येतात. पण तो निर्णय एमआरआय आणि प्रत्यक्ष तपासणीवरून होतो, गटागटांतून पुढे पाठवलेल्या संदेशावरून नव्हे.

‘सारे पूर्ववत होते’ हे विधान तर धडधडीत खोटे आहे. गुदाशय हा मल साठवणारा अवयव आहे. तो काढून मोठे आतडे खाली जोडले, की ती साठवण उरत नाही. मग अनेकांना तासाभरात पुन्हा पुन्हा शौचास जावे लागते, घाई लागल्यावर थांबता येत नाही, वायू आवरत नाही, कधी कपडे खराब होतात. जोड जितका खाली आणि रेडिएशन झालेले असेल, तितका हा त्रास अधिक. डॉक्टर या त्रासाला ‘लार्स’ (लो अँटेरिअर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात, आणि तो मोजण्यासाठी डेन्मार्कच्या एमर्ट्सेन व लाउरबेर्ग यांनी 2012 मध्ये पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. जो माणूस शौचालय जवळ नाही म्हणून घराबाहेर पडत नाही, त्याला पिशवी नाही एवढ्यावरून त्याचे जगणे चांगले कसे ठरवायचे?

याच प्रश्नावर 2012 मध्ये अद्ययावत झालेला कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा, आहे. त्यात 35 अभ्यास आणि 5127 रुग्ण होते. कायमची पिशवी असलेल्यांचे जीवनमान आतडे जोडलेल्यांपेक्षा वाईट नाही, असे 14 अभ्यासांत आढळले. उरलेल्यांत काही फरक दिसला, पण तो प्रत्येक वेळी पिशवी नसलेल्यांच्या बाजूचा नव्हता. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेला अभ्यास त्यात एकही नव्हता, त्यामुळे पिशवीच बरी असे यातून सिद्ध होत नाही. मात्र संदेशातली ठाम खात्री त्यापुढे टिकत नाही.

आतड्याचा जोड भरून येईपर्यंत लावलेल्या तात्पुरत्या पिशवीबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागते. जोड गळणे, रोग उलटणे किंवा दुसरी शस्त्रक्रिया न झेपणे अशा कारणांनी काहींची ती राहून जाते, आणि ही शक्यता रुग्णाला आधी सांगितलीच पाहिजे. पण बहुतेकांची निघते. गुदद्वार काढल्यावर तिथली जखम भरायला वेळ लागतो, लैंगिक अडचणी येऊ शकतात, आरशात पाहणे जड जाते आणि पिशव्यांचा खर्च कायमचा मागे लागतो, हेही खरे. अंघोळ, प्रवास आणि देवपूजा बंद होते, ही मात्र निव्वळ भीती आहे. नीट चिकटलेल्या पिशवीचा वास बाहेर येत नाही आणि ती लावून अंघोळही करता येते.

मामींनी शल्यचिकित्सकांना विचारायचे ते वेगळे आहे: गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे, आज मामांचा शौचावर ताबा किती आहे, आणि स्टोमाची, म्हणजे पोटावर काढायच्या आतड्याच्या तोंडाची, जागा शस्त्रक्रियेआधी कोण आखून देणार. ही खूण रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून पाहिल्यावर करायची असते, म्हणजे ती पोटाच्या घडीत किंवा धोतराच्या, परकराच्या गाठीखाली येत नाही आणि पिशवी नीट चिकटून राहते.