बूड बघणारा नवरा

चिनी भांड्यांचा नाद लागलेला माणूस ओळखणं सोपं आहे. त्याच्या पुढ्यात वाटी ठेवायची. इतर माणसं वाटीत काय वाढलंय ते बघतात. हा ती उचलून तिचं बूड बघतो. आमच्याकडे हा नाद नवऱ्याला लागला. नोकरीनिमित्त बिऱ्हाड हाँगकाँगला हलवलं, पहिल्याच पावसाळ्यात आडोशाला म्हणून हॉलिवूड रोडवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दोघं शिरलो, आणि पाऊस थांबल्यावर पूर्णपणे बाहेर आले ती मी एकटीच. तेव्हापासून कुणाकडे जेवायला निघालो की लिफ्टमध्ये मी त्याला बजावते, "आमटी संपल्याशिवाय वाटी उलटी करायची नाही." तरी एका घरी बासुंदीची वाटी त्याने दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून अशी काही धरली, की यजमानीणबाई लगबगीने आत जाऊन निरांजन घेऊन आल्या.

बूड बघण्यामागे शास्त्र आहे. भट्टीत भांडं खाली चिकटून बसू नये म्हणून बुडाच्या कडेला झिलई देत नाहीत. तिथे माती उघडी राहते आणि त्या उघड्या मातीवरून जाणकाराला गाव, भट्टी, काळ सगळं कळतं म्हणे. शिवाय पुष्कळदा मधोमध निळ्या रंगात सहा अक्षरं असतात: कुठलं घराणं, कुठल्या बादशहाच्या काळात घडवलं. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना डोकं कशाला खाजवायचं, असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा नवरा माझ्याकडे बघून फार दयाळूपणे हसला.

कारण त्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नसतो. मिंग घराण्यातल्या चेंगह्वा बादशहाच्या काळातली (१४६५ ते १४८७) भांडी इतकी नावाजलेली, की दोनशे वर्षांनी छिंग घराण्याच्या कांगशी बादशहाच्या राज्यातले कारागीरही आपल्या भांड्यांवर बिनदिक्कत चेंगह्वाचं नाव घालत. बरेचदा फसवायला नव्हे, आदराने. त्यात १६७७ मध्ये चिंगदेचेन या चिनी भांड्यांच्या पंढरीतल्या अधिकाऱ्याने फर्मान काढलं, की चालू बादशहाचं नाव भांड्यावर घालायचं नाही; भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर बादशहाची अप्रतिष्ठा होते. झालं! कुणी मेलेल्या बादशहाचं नाव घातलं, कुणी नुसतं पान काढलं, कुणी दोन वर्तुळं काढून मधली जागा कोरी सोडली. त्यामुळे बुडावर नाव असलं तर संशय, नसलं तर संशय, आणि कोरी वर्तुळं निघाली तर आमच्या घरात मध्यरात्र उलटेपर्यंत दिवा चालू.

हॉलिवूड रोडवरची दुकानं आम्हाला परवडत नाहीत. काचेमागे एकच वाडगा, त्यावर एकच दिवा आणि किंमत कुठेच लिहिलेली नाही, हे बघूनच मी पर्स घट्ट धरते. आमची धाव तिथून पायऱ्या उतरून लागणाऱ्या कॅट स्ट्रीटपर्यंत. माओचे बिल्ले, जेडच्या बांगड्या, बंद पडलेली घड्याळं आणि त्यांच्यात कुठेतरी 'मिंग'. घासाघीस मी करते, कारण नवऱ्याचा चेहरा बघून भाव वाढतो. एकदा एका निळ्या-पांढऱ्या सुरईवरून बोलणं सुरू झालं. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "कांगशी." म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची. मी भाव निम्म्यावर आणला. आजींनी कपाळाला हात लावला आणि सुरई ग्वांगशू बादशहाच्या काळात आली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. मी पाठ फिरवून दोन पावलं टाकली. सुरई प्रजासत्ताकात आली. आता बादशहाच उरला नाही. मी आणखी थोडं ताणलं, तेव्हा आजी नुसतंच म्हणाल्या, "ओल्ड. व्हेरी ओल्ड." पिशवी हातात घेऊन मी विजयी मुद्रेने वळले, तर नवरा हुप्प. त्याच्या मते ती कांगशीचीच होती. मी पाच मिनिटांत तिची दोनशे वर्षं घालवली.

या लोकांना जगवतात त्या गोष्टी. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने २००७ मध्ये कुणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानातून ३ डॉलरला एक पांढरा वाडगा उचलला आणि घरात ठेवून दिला. तो निघाला सुंग काळातला, डिंग भट्टीचा, हजारेक वर्षं जुना. २०१३ च्या लिलावात त्याचे २२ लाख डॉलर आले. ही कथा आमच्याकडे सत्यनारायणाच्या पोथीसारखी चालते. पाहुणे टेकले की पहिला अध्याय सुरू. दुसरा अध्याय फ्रान्सचा. २०२२ मध्ये फाँतेनब्लोच्या लिलावात एका मोठ्या निळ्या-पांढऱ्या सुरईला तिथल्या तज्ज्ञाने विसाव्या शतकातली ठरवून २,००० युरोच्या आसपास अंदाज दिला. बोली जाऊन थांबली ७७ लाख युरोवर. तज्ज्ञ तरीही आपल्या मतावर ठाम राहिला. या अध्यायावरून नवऱ्याने घेतलेला बोध असा, की तज्ज्ञांना काही कळत नाही. मी घेतलेला बोध असा, की पैसेवाल्यांनाही कळत नसावं. पाहुणे दोन्हीकडे मान हलवतात आणि चहाची वाट बघतात.

तिसरा अध्याय मात्र माझा आवडता. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात शांघायच्या ल्यू यीछ्येन या धनिकाने चेंगह्वा काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लांचं चित्र असलेला एक इवलासा पेला २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला घेतला. पैसे क्रेडिट कार्डाने भरले आणि पेला हातात आल्यावर त्यात चहा ओतून प्यायला. लोक हळहळले. मी नाही. पाचशे वर्षांच्या पेल्याला अखेर कुणीतरी पेला म्हणून वागवलं. शिवाय कार्डाचे पॉइंट केवढे मिळाले असतील! आमच्या कपाटात पेले ओळीने उभे आहेत आणि आम्ही चहा पितो तो दुधाच्या पावडरीबरोबर फुकट मिळालेल्या मगमधून.

गेल्या वर्षी सुट्टीत चिंगदेचेनलाच जाऊन आलो. तिथे रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा पोर्सेलिनचे आहेत. नकला इतक्या सुरेख की कोण कुणाची नक्कल हे विचारायची सोय नाही. नवं भांडं ॲसिडने मंद करतात, भेगांत चहा मुरवतात, चिखल फासतात आणि एका दुपारीत चार शतकं चढवतात. नवऱ्याने तिथे एक बशी घेतली. दुकानदार बिचारा प्रामाणिकपणे नवीच म्हणत होता, पण नवऱ्याला त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं. आता चीनमधून १९११ च्या आधीची पुराणवस्तू बाहेर नेता येत नाही. त्यामुळे सीमेवर याचे तळहात ओले. अधिकाऱ्याने बशी उचलली, बूडसुद्धा न बघता परत ठेवली आणि 'पुढे व्हा' म्हणून हात हलवला. लग्नात माझ्या मामाने याला नाव विसरून दुसऱ्याच नावाने हाक मारली होती, तेव्हाही तो इतका दुखावला नव्हता. त्या साहेबाने बशी जप्त केली असती तर यानं घरी येऊन पेढे वाटले असते.

मुंबईला गेलो तरी सुटका नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. ती काचेमागे असल्यामुळे उलटी करता येत नाहीत, म्हणून नवरा उकिडवा बसून खालून बघतो. पहारेकरी त्याच्याकडे बघतो, मी शेजारच्या दालनातल्या मूर्तीकडे बघते.

घरातले नियम तर विचारूच नका. २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एका माणसाचा बुटाच्या नाडीत पाय अडकला, तो जिन्यावरून घसरला आणि खिडकीच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं सुखाने उभ्या असलेल्या छिंग काळातल्या तीन फुलदाण्या घेऊन खाली आला. नाडी केंब्रिजची, शिक्षा आम्हाला. आमच्या ४०० चौरस फुटांच्या घरात लोंबणारी ओढणी बंद, मुलाचा चेंडू बंद, केर काढताना झाडू कपाटापासून हातभर लांब. भांडं उचलायचं ते अंगठ्या-घड्याळ काढून, दोन्ही हातांनी, टेबलावर मऊ फडकं पसरून. आणि एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तिथेही हाच रिवाज. एवढा एक नियम सासूबाईंना एकदम पटला. "मीठसुद्धा कुणी हातावर देत नाही," त्या म्हणाल्या. "काहीतरी शिकलेत म्हणायचे चिनी लोक."

भांडी निदान हवेच्या बाबतीत समजूतदार असतात. लॅकरचा डबा नसतो. आमच्याकडे असा एक लाल, कोरीव डबा आहे. लॅकर म्हणजे एका झाडाचा चीक. झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातलं, त्यामुळे ओला चीक अंगाला लागला तर फोड उठतात. लाकडावर त्याचा पातळ थर द्यायचा, सुकवायचा, मग पुढचा. असे कित्येक डझन थर चढले की त्यात कोरीव काम. गंमत म्हणजे हा चीक वाळायला दमट हवा लागते. आणि डबा जुना झाला तरी खोड तीच: हवा कोरडी झाली की आतलं लाकूड आकसतं आणि वरच्या नक्षीला तडे जातात. आता हाँगकाँगात मार्च-एप्रिलमध्ये भिंतींना घाम फुटतो. घरोघरी हवा कोरडी करायचं मशीन चालू नसेल तर चपलांवर बुरशी धरते. आमच्याकडे एका कोपऱ्यात मशीन खोलीतलं पाणी ओढत असतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटात, डब्याशेजारी नवऱ्याने पाण्याने भरलेली वाटी ठेवलेली असते. दोघांच्या मधल्या पट्ट्यात सासूबाईंचे पोह्याचे पापड. ते कुणाच्या बाजूने आहेत हे तळल्याशिवाय कळत नाही.

सासूबाई जेजुरीकडच्या. दर हिवाळ्यात येतात. "बिब्बा उततो त्या जातीचा डबा घरात कशाला?" एवढंच विचारून त्यांनी लॅकर निकालात काढलं. पण मग त्यांना घोडा दिसला.

घोडा मातीचा, बिनझिलईचा, वर पांढरा लेप. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तांग काळातला, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा. त्या काळी मोठा माणूस गेला की त्याच्या थडग्यात असे घोडे, उंट, नोकर-चाकर मातीचे करून पुरत. हे नवऱ्याने कौतुकाने आईला सांगितलं. त्याने ते सांगायला नको होतं.

"मढ्याबरोबर पुरलेला घोडा? देवघरासमोर?"

"आई, अगं, तो बहुतेक खोटा आहे." ज्या माणसाने याच घोड्यावरून स्वतःच्या साहेबाशी वाद घातला, त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"खोटा? मग एवढे पैसे कशाला मोजलेस?"

यावर तिसरं उत्तर नाही. खरंखोटं ठरवायला चाचणी आहे. भाजल्यापासून मातीत किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते; प्रयोगशाळेत मातीची चिमूट तापवली की ती प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून वय काढतात. पण चिमटीभर मातीसाठी घोड्याला बारीक भोक पाडावं लागतं, खर्च घोड्याहून जास्त, आणि काही बहाद्दर जुन्या खापरांचे तुकडे नव्या घोड्यात बसवून चाचणीलाही चकवतात. नवरा म्हणतो, भोक पाडायला जीव धजत नाही. मला विचाराल तर त्याला भोकापेक्षा रिपोर्टाची धास्ती जास्त.

प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. चंपाषष्ठीला सकाळी आम्ही दोघं कामावर असताना त्यांना घोडा नीट दिसला: पांढरा, मान वळवलेला, जीन कसलेला. खंडोबाचा नाही तर कुणाचा? त्यांनी जेजुरीहून आणलेला भंडारा ओल्या बोटाने त्याच्या कपाळाला, आयाळीला आणि पाठीला लावला. संध्याकाळी नवरा कापूस, मऊ ब्रश आणि काहीतरी पुटपुटत घोड्यासमोर बसला. वरचा भंडारा निघाला. पण भाजलेल्या मातीत हळद जी मुरली ती मुरली.

घोड्याबद्दल नवऱ्याचा एक मित्र आहे. म्हणजे मित्र नवऱ्याचा, वैर घोड्याशी. निवृत्त, खानदानी हाँगकाँगकर, आयुष्यभर भांडी बघितलेला. पाय जाड आहेत, नाकपुड्या चुकल्यात, घोडा नवा आहे, असं तो येईल तेव्हा अतिशय सभ्यपणे सांगून जातो. परवा पुन्हा आला. सवयीने भिंग काढून पायांकडे वाकला आणि वर सरकताना आयाळीपाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग म्हणाला, इथे पिवळ्या रंगाचा अंश आहे, मागच्या वेळी आपल्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. तांग काळात हे घोडे रंगवत, बहुतेकांचा रंग झडून जातो. नक्कल करणारे रंग वरून फासतात. हा वरून फासलेला नाही, आत मुरलेला आहे. आपण थोडी घाई केली असावी, असंही तो म्हणाला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांच्या बशा गोळा करायला लागले.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा घोडा खरा असेल म्हणतोय."

"मग!" सासूबाई म्हणाल्या. "भंडारा जेजुरीचा आहे."