मानवतावादी सेवा पदक: काय खुलं, काय बंद

‘अमेरिकेच्या मानवतावादी सेवा पदकाच्या नोंदी फक्त सैनिकालाच मिळतात’ हा मेसेज अर्धवट खरा आहे. आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या सैनिकांना मिळणारं हे पदक १९७७चं, पण १ एप्रिल १९७५पासूनच्या मोहिमांना लागू. कोणत्या मोहिमा पात्र, ती यादी संरक्षण खातं उघडपणे देतं. २००४च्या त्सुनामीचं मदतकार्य त्यात आहे. अमुक सैनिकाला कोणती पदकं मिळाली, हेही माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या सैनिकी अभिलेख केंद्राकडे कुणालाही मागता येतं. बंद असते ती पूर्ण सेवाफाईल. ती सैनिकाने सेवा सोडल्यावर ६२ वर्षांनी खुली होते, म्हणजे या पदकवाल्यांची २०३७च्या (१९७५ + ६२) आधी नाहीच! आणि हो, यादीत मोहीम दिसली म्हणून पदक ठरत नाही; माणूस प्रत्यक्ष तिथे हजर असावा लागतो.