सोंडेखालचं वीजबिल

जावयानं मामांना मॅक भेट दिला आणि निस्तरायला मी सापडलो. नाशिकला पंचवटीतल्या त्यांच्या जुन्या विंडोजच्या डेस्कटॉपवर १८७ वेब शॉर्टकट होते. पेनड्राइव्ह माझ्या हातात कोंबत मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधला ना? एवढे इकडचे तिकडे टाक. चहा होईस्तोवर होईल."

मलाही तसंच वाटलं. शॉर्टकटच्या पोटात असतं काय, तर एक पत्ता. विंडोज तो डॉट यूआरएल फाइलमध्ये ठेवतं: वर चौकटी कंसात 'इंटरनेटशॉर्टकट', खाली पत्ता, संपलं. मॅकला त्याची वेबलॉक लागते. ती कधी एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेला साधा मजकूर, कधी बायनरी, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणारी; उघडली की कळतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. तिथं डॉट डेस्कटॉप, आणि वर 'टाइप म्हणजे लिंक' हेही लिहून द्यायचं. घर एकच, पण एक जण पत्ता रामकुंडावरून सांगतो, दुसरा रविवार कारंजावरून, तिसरा म्हणतो, "द्वारका सर्कलला या आणि फोन करा."

शहाण्यानं १८७ वेळा कॉपी-पेस्ट केलं असतं. मी तिन्ही प्रकार कळणारी लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येईल असा कोड, लिहायला बसलो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अशा फाइली वाचणारा तयार कॉन्फिगपार्सर असतो, तो घेतला. आठ फाइली सुरळीत गेल्या, नवव्या फाइलीवर त्यानं मान टाकली. पत्ता मराठी होता. वेबपत्त्यात देवनागरी टक्क्यांच्या भाषेत जाते: एका अक्षराचे तीन बाइट, दर बाइटाला तीन चिन्हं. काना आणि वेलांटीही वेगळ्या मोजतात, म्हणजे नुसतं 'नाशिक' लिहायला ४५ चिन्हं! आणि या गृहस्थाला % दिसला की वाटतं, इथं दुसरीकडची किंमत आणून भरायची आहे. तो पुढं कंस शोधतो, मिळाला नाही की कोसळतो. ही भराभरी, म्हणजे इंटरपोलेशन, बंद करायची, एवढीच ती एक ओळ. ती सापडली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.

मग वीजबिलाचा शॉर्टकट. त्या पत्त्यात तीन ठिकाणी &. एक्सएमएलला उघडं & चालत नाही, आणि मी फाइल हातानं जुळवलेली; मॅक ढुंकून बघेना. शेवटी ते काम प्लिस्टलिबकडे, म्हणजे मॅकच्या अशा फाइली लिहिणाऱ्या पायथनच्याच तयार लायब्ररीकडे दिलं. त्यानं बायनरीसकट सगळं मुकाट्यानं केलं. आधीच का दिलं नाही, हे बायकोनं विचारलं. मी पाणी प्यायलो.

तिसऱ्या दिवशी १८७ वेबलॉक मामांच्या मॅकवर उतरल्या. एकूण एक उघडत होत्या. घरी पोचतो न पोचतो तोच फोन.

"अरे, माझं वीजबिल कुठं गेलं?"

"मामा, नाव लिहिलंय की खाली."

"नाव कोण वाचतो? वीजबिल सोंडेखाली होतं. गॅस उजव्या कानावर. रेल्वे उंदराच्या शेपटीपाशी."

जुन्या डेस्कटॉपवर गणपतीचा फोटो होता, आणि मामांची सगळी व्यवस्था त्या मूर्तीवर बेतलेली. तिन्ही प्रकारच्या फाइलींत पत्त्याला जागा आहे, सोंडेला नाही.

पुन्हा द्वारकेच्या गर्दीतून पंचवटी. गणपती मॅकवर आणला आणि एकेक शॉर्टकट ओढायला लागलो. मामा मागं खुर्ची टाकून, हातात चहा.

"अजून थोडं वर. हं. अरे, मोदकावर नको, मोदक मोकळा ठेव."